आमचा खुनी पहिल्याच सीनमध्ये दिसतो

‘खून झाला तर टीव्हीवरचा कोणता डिटेक्टिव्ह बोलावशील बे?’ आमच्या पुलगावातले पोट्टे एकमेकांना विचारतात. कोणी म्हणतो एसीपी प्रद्युमन. कोणाचा बाप मधीच तोंड घालून म्हणतो करमचंद. नागपूरला शिकून आलेला एखादा म्हणतो शेरलॉक, तोही इंग्रजीतला. मग टपरीवर वाद पेटतो. ग्लास रिकामे होतात, वाद विझतो, ज्याला ड्युटी आहे तो ड्युटीवर जातो, ज्याला नाही तो तिथंच बसून राहतो.

या वादात एक गोष्ट कोणीच विचारत नाही. खून कोणाचा? डिटेक्टिव्ह आधी ठरतो, मुडदा मागाहून. वरात काढायची अन् मग नवरी शोधायची, त्यातला हा प्रकार. म्हणून मी म्हणतो, दोस्तहो, आधी मुडदे मोजू. डिटेक्टिव्ह कुठं पळून जात नाही.

२० नोव्हेंबर २०१८, मंगळवार, सकाळ. पुलगावचा दारूगोळा डेपो तुम्हाला माहीत असेल, नसेल तर माहीत करून घ्या. देशातला सर्वांत मोठा साठा इथं आमच्या उशाशी आहे. त्या डेपोचं सोनेगाव आबाजीजवळ एक मैदान आहे. जुना, निकामी दारूगोळा तिथं खड्ड्यात घालून उडवतात. त्या सकाळी जबलपूरच्या खमरिया ऑर्डनन्स फॅक्टरीचे २३ मिलिमीटरचे गोळे आले होते. खड्डे खणायचे, ट्रकमधून पेट्या उतरवायच्या, रचायच्या. पेट्या उतरवतानाच स्फोट झाला. ६ माणसं मेली, दहाच्या आसपास जखमी झाली. मेलेल्यांत फॅक्टरीचा कर्मचारी एक. बाकीचे ठेक्याच्या कामावरचे.

ठेक्याच्या. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मेलेले कोणत्या जातीचे, असं मला एका पत्रकार मित्रानं विचारलं होतं. म्हणजे मग आपल्या पेपरात घ्यायचं की नाही ते ठरवता येईल! मी त्याला १९७३ चा पँथरचा जाहीरनामा वाचायला सांगितला. त्यात दलित कोणाला म्हटलंय? अनुसूचित जाती, जमाती, नवबौद्ध, आणि त्यांच्यासोबत कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया. पोटासाठी बॉम्बाची पेटी छातीशी धरून ट्रकमधून उतरवावी लागते त्याची जी जात, तीच माझी. दाखला मागायला तहसीलीत जायची गरज नाही.

आता गंमत बघा. सोनी टीव्हीवरची ‘सीआयडी’ जानेवारी १९९८ ला सुरू झाली अन् २७ ऑक्टोबर २०१८ ला बंद पडली. आमच्या एका आख्ख्या पिढीनं भाकर तिच्यासमोर बसून खाल्ली. ती बंद पडली तेव्हा पोट्टे हळहळले. आणि बरोब्बर २४ दिवसांनी सोनेगाव आबाजीला ६ माणसांच्या चिंध्या झाल्या. टीव्ही सोडा, घटना आता कोणाच्या ध्यानातही नाही. पण प्रद्युमन परत येणार ही बातमी सगळ्यांना तोंडपाठ होती, आणि तो आलाही, डिसेंबर २०२४ मध्ये. आमचे सहा काही परत यायचे नाहीत.

तर गुन्हा हा. आता बोलवा एकेकाला.

पहिला करमचंद. १९८५ चं दूरदर्शन, पंकज कपूर, काळा चष्मा, हातात गाजर, बाजूला किटी. मी त्याला हसलोय, खोटं कशाला बोलू. पण करमचंदला संशयित लागतात. चार-पाच चांगल्या कपड्यातले, ज्यांच्यापैकी कोणाला तरी पैशाची, प्रेमाची, बदल्याची गरज आहे. तो त्यांच्यावर एकेक करून संशय घेतो आणि शेवटी एकावर बोट ठेवतो. सोनेगावच्या मैदानावर त्यानं कोणावर बोट ठेवायचं? तिथं कोणाचाच कोणाशी राग नव्हता. मजुराला मारावं असं कोणाच्या मनातही नव्हतं. मजूर वाचावा असंही कोणाच्या मनात नव्हतं, हाच तर गुन्हा. पण असल्या गुन्ह्याला करमचंदच्या गाजरात उत्तर नाही.

दुसरा ब्योमकेश. १९९३, बासू चटर्जींनी केलेली मालिका, रजित कपूर. हा माणूस मला आवडतो. स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. शब्द मोठा आहे आणि तो त्याला पेलतोही. पण ब्योमकेशच्या घरी पुंटीराम आहे. पुंटीराम चहा आणतो आणि आत जातो. या सगळ्या हुशार, सभ्य, दिवाणखान्यातल्या कथांमध्ये एक नोकर असतोच. तो दार उघडतो. बाबू किती वाजता आले ते सांगतो. आवाज ऐकला काय, एवढं त्याला विचारतात, आणि झालं, जा आता. घरातलं सगळं त्यानं पाहिलेलं असतं. कोणाचं पाप कोणत्या खोलीत झालं ते त्याला डिटेक्टिव्हच्या आधी माहीत असतं. पण त्याला फक्त वेळ विचारायची! आमच्या आयाबाया, आमचे बाप दोन हजार वर्षं या देशाच्या मोठ्या वाड्यांत हेच करत आले. सगळं पाहिलं, अन् साक्ष द्यायला गेलं तर वेळ तेवढी विचारली. सत्यान्वेषीला मी नाही म्हणतो, पण मान ठेवून नाही म्हणतो.

आता प्रद्युमन. इथं जरा थांबतो, कारण याच्यावर तुमचं फार प्रेम आहे. शिवाजी साटम आपला मराठी माणूस, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्या ऑफिसातल्या एका गोष्टीशी आहे, जी वीस वर्षांत कोणाच्या डोळ्यात आली नाही. त्या ऑफिसात आडनावं नाहीत! प्रद्युमन. दया. अभिजीत. विवेक. आडनावानं ओळखला जातो तो लॅबमधला डॉक्टर साळुंखे, आणि तो मुडदे तपासतो. ज्या देशात गाडीत शेजारी बसलेला माणूस स्टेशन सुटायच्या आत ‘पूर्ण नाव काय’ विचारतो, भाड्याच्या खोलीची किल्ली आडनाव कळेपर्यंत मालकाच्या मुठीत राहते, त्या देशातलं पोलीस खातं वीस वर्षं आडनावाशिवाय चालतं! मेलेल्यालाही आडनाव नाही, मारणाऱ्यालाही नाही. मग खून पैशासाठी होतो, प्रॉपर्टीसाठी होतो, बायकोसाठी होतो, कधी रोबोट करतो, कधी भूत करतं आणि ते भूत निघतं शेजारचा केमिस्ट. जातीसाठी होणारा खून त्या ऑफिसात शिरणार कुठून? दारावर आडनावाची पाटीच नाही.

आणि ज्या कार्यक्रमांत खऱ्या केसेस दाखवतात, ते काय करतात? नावं बदलतात. बरोबर आहे, काही गुन्ह्यांत कायद्यानंच बदलावी लागतात. पण नाव बदलताना आडनाव जातं, आडनावाबरोबर वस्ती जाते, वस्तीबरोबर कारण जातं. उरतो तो ‘एक तरुण’ आणि ‘काही लोक’. ‘काही लोकांनी एका तरुणाला मारलं.’ वा रे तपास!

दया दार तोडतो. तुम्ही टाळ्या वाजवता. मी तुम्हाला एक दार सांगतो. नगर जिल्ह्यातलं खर्डा, २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा आपला मुलगा. वरच्या जातीच्या मुलीशी बोलला म्हणून शाळेतून मारत नेला, मारला, झाडाला टांगला. दिवसाढवळ्या. आख्खं गाव साक्षीला. खटला उभा राहिला, आणि एकेक साक्षीदार कोर्टात जाऊन म्हणाला, मी काही पाहिलं नाही. २३ नोव्हेंबर २०१७ ला आरोपी निर्दोष सुटले. फितूर साक्षीदाराचं तोंड हे दार आहे. याला कडी आतून आहे आणि कडी लावणारा हात पाटलाचा आहे, सावकाराचा आहे, उद्या ज्याच्या शेतात कामाला जायचं त्याचा आहे. तोड म्हणावं दयाला हे दार.

म्हणून मी तुम्हाला एक चौथा माणूस सुचवतो. आमच्या टपरीवर त्याचं नाव कोणी घेत नाही. अमेरिकेच्या टीव्हीवरचा लेफ्टनंट कोलंबो. पीटर फॉक नावाच्या नटानं केलेला. पहिला सिनेमा १९६८ चा, मालिका १९७१ पासून, मधी बंद पडली, पुन्हा सुरू झाली, २००३ पर्यंत चालली. हा माणूस ठेंगणा, एक डोळा किंचित तिरपा, अंगात चुरगळलेला रेनकोट, खटारा पुजो गाडी, बोटांत विझत आलेली सिगार. बायकोबद्दल सारखा बोलतो, बायको कधी दिसत नाही. बंगल्यावर गेला की नोकरासारखा दारात घोटाळतो.

पण त्याची खरी गंमत गोष्टीच्या मांडणीत आहे. कोलंबोच्या गोष्टीत खून पहिल्याच सीनमध्ये होतो आणि खुनी आपल्याला तोंडानं दिसतो. कोण मारलं, हा प्रश्नच नाही. आणि खुनी कोण असतो? मोठा सर्जन, मोठा वकील, कारखानदार, नावाजलेला लेखक. शहरातला प्रतिष्ठित माणूस. तो कोलंबोला पाहून हसतो. हा काय मला पकडणार? पुढचा सगळा वेळ एकच गोष्ट चालते. सगळ्यांना दिसलेला खुनी कायद्यासमोर सिद्ध कसा करायचा. कोलंबो नमस्कार करून निघतो, दारापर्यंत जातो, वळतो, डोकं खाजवतो आणि म्हणतो, साहेब, एकच राहिलं. त्या एका प्रश्नात साहेबाच्या कपाळावर घाम.

अरे, ही तर आमचीच गोष्ट आहे! आमच्या कोणत्या खुनात खुनी लपला होता? सांगा मला एक. आमचा खुनी रात्री तोंड बांधून येत नाही. तो दिवसा येतो, नाव घेऊन येतो, जातीवरून शिवी देऊन मग हात टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी चौकात पानाच्या ठेल्यावर उभा असतो. गावाला माहीत असतो. ठाण्याला माहीत असतो. आमदाराला तर फारच चांगला माहीत असतो. कोडं नाहीच इथं. कोडं हे आहे, की सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कागदावर का उतरत नाही?

आता तुमच्यातला कोणी हुशार मला पकडेल, म्हणून आधीच सांगतो. हा कोलंबो लॉस एंजेलिस पोलिसांचा माणूस. आपण ज्यांच्यावरून १९७२ साली नाव घेतलं त्या ब्लॅक पँथर पार्टीच्या लॉस एंजेलिसमधल्या ऑफिसावर ८ डिसेंबर १९६९ ला याच पोलिसांनी हल्ला चढवला होता. तासन्‌तास गोळीबार चालला. आणि दोन वर्षांत त्याच खात्याचा हा गरीब, मवाळ, विसराळू अधिकारी अमेरिकेच्या घराघरात मालिका घेऊन बसला. श्रीमंतांना बेड्या घालणारा पोलीस हा पडद्यावर होता, रस्त्यावर दुसराच होता. मला हे ठाऊक आहे. ठाऊक असूनही मी त्याला निवडतो. माणूस म्हणून नाही, त्याची पद्धत म्हणून. कुऱ्हाड कोणत्या लोहारानं केली ते मी बघतो, पण लाकूड फोडायचं असेल तर घरी आणतो.

आता आपल्याच माणसांशी बोलायचं आहे.

कुठं अत्याचार झाला की आपण मोर्चा काढतो. काढलाच पाहिजे. मोर्चाच्या निवेदनात पहिली मागणी काय असते? सीबीआय चौकशी. दुसरी एसआयटी. म्हणजे आपलीही प्रद्युमनची भूक आहे. वरून कोणीतरी मोठा, हुशार, निःपक्षपाती येईल, गॉगल काढेल आणि सत्य सांगेल. तो आला तर काय होतं, हे आपल्या विदर्भानं पाहिलंय. खैरलांजी, भंडारा जिल्हा, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातले चार जण, आई, मुलगी, दोन मुलं. आख्ख्या गावासमोर. प्रेतं कालव्यात टाकली. पहिलं शवविच्छेदन असं झालं, की पुरलेलं प्रेत पुन्हा उकरून दुसरं करावं लागलं. साळुंखे कुठं होता तेव्हा? लोक रस्त्यावर उतरले, नागपूर पेटलं, अमरावती पेटली, तेव्हा कुठं डॉक्टर-पोलीस निलंबित झाले आणि तपास सीबीआयकडे गेला. डिटेक्टिव्ह आला! अकरा जणांवर खटला चालला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, तीन सोडले, सहांना फाशी सांगितली. आपण पेढे वाटले. निकाल नीट कोणी वाचला? अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू होत नाही म्हणाले. जातीतून नाही, सूडातून झालं म्हणाले. १४ जुलै २०१० ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची कैद केली, आणि जात काही निकालात शिरली नाही.

म्हणजे कोण मारलं याचं उत्तर मिळालं, काहून मारलं याचं मिळालं नाही. देशातला सर्वांत मोठा डिटेक्टिव्ह आणूनही नाही. प्रश्नच तेवढा विचारला तर उत्तर तेवढंच येणार.

आणि डिटेक्टिव्ह आपल्याला कायद्यानंच दिलाय, हे किती जणांना माहीत आहे? १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा, त्याचे १९९५ चे नियम, नियम सातवा. तपास करणारा अधिकारी पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. साठ दिवसांत आरोपपत्रापर्यंत तपास पुरा करायचा. कलम चार. सरकारी माणसानं मुद्दाम कसूर केली, फिर्याद नोंदवली नाही, वाचून दाखवली नाही, नक्कल दिली नाही, तर त्यालाच सहा महिन्यांपासून एका वर्षापर्यंत कैद. कलम पंधरा-अ, २०१६ पासून. आरोपीचा जामीन सुनावणीला आला की आपल्याला कळवलं पाहिजे, आपलं ऐकलं पाहिजे. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलं की हे कळवणं ऐच्छिक नाही, सक्तीचं आहे. ही सगळी हत्यारं कपाटात गंजतात आणि आपण टपरीवर दयाचा खांदा किती मजबूत यावर बोलतो.

हा कायदा वाचवायला २ एप्रिल २०१८ ला देश बंद झाला होता, ते विसरू नका. त्याआधी २० मार्चला सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की आधी प्राथमिक चौकशी, मग गुन्हा. अटकेला वरिष्ठांची परवानगी. ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलंच, कऱ्हाडचं. म्हणजे दलितानं सांगितलं की माझा खून होतोय, तर आधी तो खोटं बोलत नाही ना, हे तपासायचं! जगातल्या कोणत्या डिटेक्टिव्ह मालिकेत पहिला संशयित मुडदा असतो? बंदमध्ये माणसं मेली, तेव्हा ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा पूर्ववत केला.

ठाण्यात काय होतं ते घरातलंच सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, ठाण्याचंही नाही. माझे मोठेबाबा पांदणीनं बैलबंडी घेऊन येत होते. पांदण सरकारी. बाजूच्या शेतमालकानं अडवलं, जातीवरून बोलला, तुतारीनं पाठीत हाणलं. मोठेबाबा ठाण्यात गेले. जमादारानं विचारलं, पूर्ण नाव? सांगितलं. आडनाव ऐकून त्यानं मान वर केली. मग पेन खाली ठेवला.

‘बावाजी, पांदणीचं भांडण आहे हे. जात कुठून आणता मधात?’

‘साहेब, तो मले जे बोलला ते मी इथं तोंडानं सांगू काय? बाया बसल्या आहेत.’

‘मंग नका सांगू. गाव एकच आहे ना? उद्या त्याच्याच विहिरीवर जाणार ना?’

अदखलपात्र म्हणून दोन ओळी लिहिल्या. चार दिवसांनी उलटी फिर्याद. मोठेबाबांनी शेतमालकाच्या खिशातले पैसे हिसकावले म्हणे! सत्तरीला टेकलेला माणूस, बंडीवर चढायला ज्याला नातवाचा हात लागतो, तो जबरी चोर. तारखांमागून तारखा झाल्या, शेवटी ‘आपसात’ मिटलं. आपसात म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या घरात प्रद्युमन फार बघायचे, मोठेबाबाही बघायचे. त्यानंतर त्यांच्या तोंडून त्याचं नाव निघालं नाही.

त्या दिवशी ठाण्यात त्यांच्या सोबत कोण होतं? आठवी शिकलेला नातू. तेव्हा एखादा आपला शिकलेला पोट्टा बाजूला उभा असता, शांतपणे म्हणाला असता, साहेब, एकच राहिलं, हे अदखलपात्र कोणत्या कलमाखाली लिहिलं तेवढं सांगा, आणि नक्कल द्या, नक्कल फुकट असते. तर पेन पुन्हा उचलला गेला असता की नाही? मी म्हणतो, गेला असता. सगळीकडं नाही. पण काही ठिकाणी गेला असता.

शहरातल्या दोस्तांनो, तुम्ही इंग्रजी मालिका बघता, खुनाच्या खऱ्या कहाण्या कानात घालून लोकलमध्ये झोपता. तुम्हाला रक्ताच्या डागाचा कोन कळतो. तुम्हाला तुमच्या मूळ गावच्या ठाण्यात केस डायरी कोण लिहितो ते माहीत आहे? तुमच्या वस्तीतल्या एका तरी प्रकरणाची फाईल तुम्ही पहिल्या पानापासून वाचली? नसेल वाचली तर डिटेक्टिव्हच्या गप्पा मारू नका. टीव्हीनं तुम्हाला एक नशा दिलीय, की चाळीस मिनिटांत न्याय होतो आणि तो दुसरा कोणीतरी करतो. आपण सोफ्यावर.

आता सोनेगावला परत चला. कोलंबोला पुलगाव स्टेशनावर उतरवू. रेनकोटाची गरज नाही, पण राहू द्या. इथल्या उन्हाची त्याला सवय होईपर्यंत दोन दिवस जातील.

तो आधी भिंतीवर एक नकाशा लावेल, अशी माझी खात्री आहे. सिरियल किलर शोधताना ते लोक नकाशावर टाचण्या लावतात ना, तसा. ३१ मे २०१६, पुलगावचा डेपो, रात्रीची आग, दोन अधिकारी आणि आग विझवायला धावलेली माणसं, सोळा त्याच रात्रीचे, नंतर आकडा वाढला. २० नोव्हेंबर २०१८, सोनेगाव आबाजी, ६. १७ डिसेंबर २०२३, नागपूरजवळ बाजारगाव, स्फोटकांचा खाजगी कारखाना, ९, त्यांतल्या ६ बाया. २४ जानेवारी २०२५, भंडाऱ्याची ऑर्डनन्स फॅक्टरी, ८. हत्यार दरवेळी तेच. इलाका तोच. मरणारा रोजंदार, ठेकेदाराचा कामगार, अग्निशामक, पॅकिंगवर बसलेली बाई. टीव्हीवर दोन खून एकसारखे झाले तरी प्रद्युमन बोटं फिरवत म्हणतो, यात काहीतरी आहे. इथं चार टाचण्या एका रेषेत, आणि दरवेळी बातमीत शब्द एकच, दुर्घटना. दुर्घटना म्हटलं की खुनी राहतच नाही. देव राहतो, नशीब राहतं, आणि वारसाला चेक देताना फोटोत उभा राहणारा मंत्री राहतो.

तुम्ही म्हणाल, सैन्याचं काम आहे, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. बरोबर, माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात तशी पळवाट आहे. गोळा किती पल्ल्याचा ते नका सांगू, आम्हाला काय करायचं? कोलंबो गोळ्याचं काही विचारणारच नाही. तो ठेक्याचं विचारेल. मघा लक्षात ठेवायला सांगितलेला शब्द तो हा. सरकारचं काम, सरकारचा दारूगोळा, सरकारचं मैदान, आणि मरायच्या वेळी माणूस तेवढा ठेकेदाराचा! मजूर नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा इंग्रजांनी केला. त्याच्या बाराव्या कलमात त्यांनीही लिहून ठेवलं होतं की ठेकेदार मधी असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. २०१८ साली तो कायदा लागू होता. शंभर वर्षांपूर्वीच्या गोऱ्या साहेबाला जे कळलं ते आमच्या साहेबाला कळवायला कोलंबो लागतो.

मग तो एकेका दारात जाईल, घोटाळेल, सिगार विझली म्हणून काडी मागेल. टेबलापलीकडं बसलेला हसेल. आणि तो विचारेल.

साहेब, ठेका कोणत्या तारखेला दिला आणि त्यावर सही कोणाची? ठेक्याच्या कागदात दारूगोळा हाताळायचं शिक्षण लिहिलंय का, लिहिलं असेल तर ते कोणी दिलं, किती तास दिलं? त्या सकाळचा हजेरीपट दाखवता? त्यावर मेलेल्यांची नावं स्फोटाच्या आधी चढली की नंतर? शाई दोन रंगांची का दिसते, का मलाच म्हातारपणी तसं दिसतं? पेटी उतरवताना देखरेखीला जो अधिकारी असायला पाहिजे तो कुठं उभा होता, किती पावलांवर? स्फोटानंतर मैदानात जे पितळ अन् लोखंड उरतं ते कोणाच्या मालकीचं, ते किलोनं कोण विकत घेतो, आणि ते वेचायला आजूबाजूच्या गावांतली माणसं येतात हे कोणालाच माहीत नव्हतं? तुमच्या घरून मैदानाचा आवाज ऐकू येतो ना साहेब? आमच्या तर भांड्यांना ऐकू येतो.

बरं, येतो मी. बायको वाट बघत असेल.

अन् दारात जाऊन तो वळेल. साहेब, एकच राहिलं. त्या पेटीवर धोक्याची सूचना कोणत्या भाषेत लिहिली होती, आणि पेटी उतरवणाऱ्याला ती वाचता येते का, हे त्याला कामावर घेताना कोणी विचारलं होतं?